दारावरची थाप

रात्री-अपरात्री धर्मगुरूंच्या घराच्या दारावर थाप पडते, ती बहुधा आजाऱ्याचे बोलावणे घेऊन आलेली असते. थाप मारणारा बाहेर पायरीवरच उभा राहतो. आत स्वयंपाकी जागा होतो, तो येऊन आम्हांस उठवितो, दिवा लागतो, देवळाचे कुलूप निघते, पवित्र तेलाची कुपी बाहेर येते, आणि पाच मिनिटांच्या आत अवघे घर हालते होते. पाहुण्याने उंबरठा ओलांडला नाही. त्याचा निरोप मात्र घरभर पोहोचला.

वाचकहो, आपल्या देहातही क्षणोक्षणी हेच चाललेले असते. पावसाळ्याचे दिवस आहेत, तळी-विहिरींना गढूळ पाणी आले आहे, आणि घरोघरी लहान मुलांची पोटे बिघडू लागली आहेत. अशा वेळी या दारावरच्या थापेची हकीकत आमच्या कुटुंबांस सांगावी असे आमच्या मनाने घेतले. ती केवळ ज्ञानासाठी नाही. तिच्यावर लेकरांचे प्राण अवलंबून आहेत, हे पुढे दिसून येईल.

परमेश्वराने मनुष्याचा देह अगणित सूक्ष्म पेशींचा बनविला आहे. प्रत्येक पेशी म्हणजे एक लहानसे घर. त्या घराची भिंत स्निग्ध द्रव्याची, म्हणजे तेलातुपाच्या जातीची असते. तुपाच्या भांड्यात पाणी टाकले तर ते मिसळत नाही. त्याचप्रमाणे रक्तात विरघळून येणारे बहुतेक निरोप या भिंतीतून आत शिरू शकत नाहीत. मग आतल्या घराला बाहेरची वार्ता कळावी कशी? यासाठी भिंतीत जागोजागी प्रथिनांचे द्वारपाल बसविलेले आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. ग्राहीचे एक अंग भिंतीबाहेर असते व दुसरे आत. बाहेरच्या अंगाला ठरावीक निरोप येऊन चिकटला की संपूर्ण ग्राहीचा आकार किंचित बदलतो, आणि तो बदल आतल्या अंगाला जाणवतो. निरोप आणणारा बाहेरच राहतो. आत जाते ती त्याची वार्ता.

एक उदाहरण घेऊ. आमच्यापैकी एखादी माउली काळ्या रानात ज्वारी खुरपीत आहे. अकस्मात पायाशी नाग फणा काढून उभा राहतो. तिच्या मूत्रपिंडांवरच्या इवल्याशा ग्रंथी तत्क्षणी ॲड्रेनलीन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. ते रक्ताबरोबर हृदयापाशी येते व हृदयाच्या पेशींच्या दारावर थाप मारते. तेथला ग्राही हलतो. त्याच्या पाठीशी, भिंतीच्या आतल्या बाजूस, एक सेवक सज्ज बसलेला असतो. त्याला जी-प्रथिन असे नाव आहे. तो जागा होऊन शेजारच्या एका विकराला चालना देतो, आणि ते विकर ‘सायक्लिक एएमपी’ नामक द्रव्याचे कण भराभर तयार करू लागते. हे कण म्हणजे घरातल्या घरात धावणारे निरोपे. ‘निरोप्या’ हा शब्द मराठी ख्रिस्ती कुटुंबांस नवा नाही. १९०३ साली येशूसंघीय फादर डोरिंग यांनी त्याच नावाचे मासिक सुरू केले होते. असो. दारावरची थाप एक, पण तिच्यामुळे जागे होणारे सेवक अनेक, आणि त्यांच्या हातून निघणारे निरोपे तर कितीतरी. म्हणूनच माउलीचे हृदय एका क्षणात धडधडू लागते व तिचे पाय तिला बांधावर घेऊन जातात.

हे कोडे उलगडण्यास पुष्कळ वर्षे लागली. १९०५ साली केंब्रिजच्या लँगली नामक शास्त्रज्ञाने, पेशीपाशी निरोप स्वीकारणारे काहीतरी द्रव्य असलेच पाहिजे असा तर्क मांडला. अमेरिकेतील सदरलँड यांनी आतल्या निरोप्याचा शोध लावला. त्यांस १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या सेवकाचा, म्हणजे जी-प्रथिनाचा, छडा लावणाऱ्या गिलमन व रॉडबेल यांस १९९४ साली, आणि ग्राहीचे स्वरूप उलगडणाऱ्या लेफ्कोविट्झ व कोबिल्का यांस २०१२ साली तोच मान मिळाला. तर्कापासून प्रत्यक्षापर्यंत शंभरावर वर्षे गेली.

आता या रचनेतील एक गोष्ट वाचकांनी नीट ध्यानी घ्यावी, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. नाग निघून गेला, माउली बांधावर बसली, की थोड्या वेळात तिचे हृदय शांत होते. ते कसे? जी-प्रथिन हा सेवक जागा होतो तेव्हा जणू हाती पेटती काडी घेऊन उठतो. पण ती काडी फुंकून विझविण्याची कलाही त्याच्याच अंगी दिलेली आहे. थोड्या क्षणांत तो आपणच आपली ज्योत मालवतो व पुन्हा जाग्यावर जाऊन बसतो. नवी थाप पडल्याखेरीज उठत नाही. निरोप पोहोचविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो संपला म्हणजे थांबणेही महत्त्वाचे, असे निर्मात्याने योजिले आहे.

आणि आता आम्ही आमच्या आयुष्यातील एका रात्रीविषयी लिहितो. ती लिहिणे आम्हांस सोपे नाही.

पूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथे अशाच पावसाळ्यात एका रात्री दारावर थाप पडली. पायरीवर एक तरुण आई उभी होती. “फादर, पोराला सकाळपासून जुलाब चालले आहेत, आता डोळेही उघडत नाही. येऊन आशीर्वाद द्या,” एवढेच ती बोलली. आम्ही तत्काळ निघालो. मूल दोन वर्षांचे होते. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हते. आम्ही प्रार्थना केली, कपाळावर क्रुसाची खूण केली, आणि पहाटेच्या पहिल्या गाडीने शहरातील इस्पितळात न्यावे असे सांगितले. आजीबाई कोपऱ्यात बसून म्हणाल्या, “पाण्याचा थेंब दिला नाही, फादर. दिले की लगेच जुलाब होतो.” आम्ही मान डोलावली. दोन तास आम्ही त्या घरी बसलो होतो. पाण्याचा माठ आमच्या हाताच्या अंतरावर होता. फळीवर साखरेचा व मिठाचा डबा होता. पहाटेची गाडी येण्यापूर्वी मूल गेले.

तो जुलाब कोणत्या जातीचा होता हे कोणी तपासले नाही. त्या आजीबाईंना आम्ही दोष देत नाही. त्यांना त्यांच्या आईने सांगितले तेच त्यांनी केले. दोष असेल तर आमचा. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलो, अनेक ग्रंथ वाचले, पण त्या रात्री जे एक वाक्य बोलावयास हवे होते ते आम्हांस ठाऊक नव्हते. पुढे आम्ही त्याविषयी शोध घेतला, आणि जे सापडले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुलाबाच्या रोगांत सर्वांत भयंकर तो कॉलरा, ज्याला आपले वाडवडील पटकी म्हणत. त्याचे नाव निघाले की जुन्या काळी गावेच्या गावे ओस पडत. १८८४ साली कलकत्त्यात रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या आतड्यांतून व तळ्याच्या पाण्यातून त्याचा जंतू ओळखून काढला. पण जंतू सापडूनही मारतो कसा हे कळेना. कारण आतडे तर जवळजवळ अखंड राहते, जखम नाही, भोक नाही, आणि तरी माणूस काही तासांत वाळून जातो.

याचे उत्तर १९५९ साली आपल्याच देशात मिळाले. कलकत्त्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यात घातला, आणि तो तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू नव्हता, तरी कार्य झाले. म्हणजे जंतूने सोडलेले विषच खरा मारेकरी होते. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत दत्त, पानसे व कुलकर्णी या तिघांनी सशांच्या पिल्लांवर प्रयोग करून विषाचा तोच प्रभाव दाखवून दिला. आडनावांवरूनच दिसते की त्यात आपल्या मराठी माणसांचाही हात होता.

हाफकिन संस्थेचा संबंध आमच्या या प्रांताशीही आहे. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते हाफकिन साहेब प्रथम कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आले होते. पुढे त्यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली, आणि १८९८ साली हुबळीत प्लेगने थैमान घातले तेव्हा येथील हजारो लोकांनी ती टोचून घेतली. परळच्या ज्या जुन्या वास्तूत त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली गेली, ती गव्हर्नरांचा वाडा होण्यापूर्वी येशूसंघीय धर्मगुरूंची होती. जेथे एके काळी मिस्सा होत असे, त्याच जागी पुढे रोग्यांच्या जिवासाठी शोध चालले, हे वाचून आमच्या वाचकांस समाधान वाटेल.

आता ते विष काय करते ते पाहा. त्याचे दोन भाग असतात. पाच पाकळ्यांचा एक भाग आतड्याच्या पेशीच्या पृष्ठभागावर असलेल्या एका स्निग्ध-शर्करायुक्त खुणेला जाऊन चिकटतो. ती खूण पेशीच्या स्वतःच्या कामासाठी असते. विष तिचा आकड्यासारखा उपयोग करून घेते. पेशी त्याला आत ओढून घेते. मग ते पेशीच्या अंतर्भागातील ज्या वाटांनी माल बाहेर जातो, त्याच वाटांनी उलटे चालत थेट आतल्या खोलीपर्यंत पोहोचते. तेथे त्याचा दुसरा भाग सुटा होतो व त्या जी-प्रथिन सेवकाला गाठतो. पुढच्या दाराने थाप मारून येणारा पाहुणा वेगळा, आणि मागच्या वाटेने शिरणारा चोर वेगळा. मेंढवाड्यात दाराने न येता दुसरीकडून चढून येणाऱ्याविषयी प्रभू येशूने दिलेला इशारा येथे कोणासही आठवेल.

हा चोर सेवकाला ठार मारीत नाही. तो त्याच्या अंगाला एक लहानसे रासायनिक ओझे चिकटवितो, आणि तेवढ्याने त्या सेवकाची ज्योत मालविण्याची शक्ती नाहीशी होते. एवढेच. काडी पेटलेलीच राहते. आतले निरोपे अहोरात्र सुटत राहतात. त्यांच्या आज्ञेने पेशीच्या आतड्याकडील भिंतीतली क्षारांची दारे सताड उघडी राहतात. क्षार बाहेर पडतात आणि क्षारामागोमाग पाणी. तीव्र कॉलऱ्यात तासाला एक लिटरपर्यंत पाणी अशा रीतीने देहातून निघून जाऊ शकते. उपचार न झाल्यास अशा रोग्यांतील सुमारे निम्मे दगावतात. आणि हे केवळ कॉलऱ्यापुरते नाही. मुलांना व प्रवाशांना होणाऱ्या साध्या जुलाबाच्या जंतूंपैकी काहींचे विष हे याच विषाचा सख्खा भाऊ शोभेल असे असते व तशीच चोरी करते.

संत ऑगस्टीन व संत थॉमस अक्विनास यांनी शिकविले आहे की दुष्टाईला स्वतःचे असे अस्तित्व नसते; जे चांगले असावयास हवे त्याचा अभाव म्हणजेच वाईट. सेमिनरीच्या बाकावर बसून आम्ही हे पाठ केले, पण खरे सांगावयाचे तर त्याचा अर्थ आम्हांस या विषाची कथा वाचताना अधिक उमगला. देहाची कोणतीही नवी शक्ती या विषाने निर्माण केलेली नाही. ग्रंथी चांगली, निरोप्या चांगला, दारे चांगली, पाणीही चांगले. हिरावून घेतले गेले ते फक्त थांबणे. आपल्या घरांतही कित्येकदा असेच घडते. रागाला उठण्याचे कारण असते. पण तो मालविण्याची शक्ती गेली की दोन भावांमध्ये बांधावरून पेटलेले भांडण नातवंडांपर्यंत चालते, आणि घरातला सारा ओलावा वाहून जातो.

आता आशेची गोष्ट. आतड्याच्या त्याच भिंतीत आणखी एक दार आहे, आणि त्याला या विषाचा हातही लागत नाही. हे दार विचित्र आहे. मीठ एकटे आले तर ते उघडत नाही; साखर एकटी आली तरी उघडत नाही. दोघे जोडीने आले म्हणजे मात्र दोघांनाही आत घेते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत येते. बाकीची दारे बाहेर गळत असताना हे एक दार निष्ठेने आत घेतच राहते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली या दाराची कल्पना मांडली. मग १९६८ साली ढाक्यात, मीठ-साखरेचे पाणी पाजून कॉलऱ्याचे रोगी सावरतात हे सिद्ध करण्यात आले.

खरी कसोटी १९७१ साली आली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, आणि शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेथील डॉक्टर दिलीप महालनाबिस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, ते पाणी पिंपांत भरले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांस ते पाजण्यास सांगितले. जेथे शेकडा तीस माणसे मरत होती, तेथे ते प्रमाण शेकडा चारच्या खाली आले. ज्यांनी जीव वाचविले त्यांत बहुतेक आया, बहिणी व शेजारी होते. १९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाचा जगभर प्रसार आरंभिला. आज तो ‘ओआरएस’ या नावाच्या पुडीत आपल्या खेड्यांतही मिळतो. महालनाबिस २०२२ साली निवर्तले.

आणखी एक दिलासा असा की आतड्याच्या पेशी काही दिवसांतच गळून जातात व त्यांच्या जागी नव्या येतात. विषाने बिघडविलेला सेवक त्या पेशीबरोबरच संपतो. म्हणजे तेवढे दिवस देहातील पाणी टिकवून धरले, तर परमेश्वराने योजिलेली दुरुस्ती आपोआप होते. आजीबाईंचा अनुभव खोटा नव्हता. पाणी दिले की जुलाब होत होता. पण न दिले तरी तो होतच राहतो, कारण ते पाणी माठातले नसून लेकराच्या रक्तातले असते. आत काही घालावयाचे नाही आणि बाहेर जाणे तर थांबत नाही, असे झाल्यावर जीव राहील कसा?

तेव्हा आमच्या माताभगिनींनी पुढील गोष्टी कृपा करून ध्यानात ठेवाव्यात. जुलाब सुरू होताच पाणी बंद करू नये. पाणी उकळून निववावे. एक लिटरच्या पुडीसाठी बरोबर एक लिटर पाणी घ्यावे, कमी नाही, जास्त नाही. त्यात वेगळी साखर किंवा दूध घालू नये. दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला, मोठ्या मुलास अर्धा ते एक पेला, चमच्याचमच्याने पाजावे. ओकारी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू द्यावे. चोवीस तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मीठ अधिक झाले तर अपाय होतो, म्हणून चमचा काठोकाठ सपाट करूनच मोजावा. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध क्षणभरही तोडू नये. मोठ्या मुलांना पेज, पातळ भात चालू ठेवावा. आशाताईंकडे व आरोग्य केंद्रात पुडीबरोबर जस्ताच्या गोळ्या मिळतात. त्या सांगितलेले दिवस पुऱ्या द्याव्यात.

मात्र मूल निपचित पडले, पिईनासे झाले, डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता सावकाश मागे गेली, किंवा जुलाबात रक्त दिसले, तर घरी बसू नये. इस्पितळ गाठावे, आणि वाटेतही चमच्याने पाजत जावे. पहाटेच्या गाडीची वाट पाहू नये. रात्री वाहन मिळत नसेल तर आमचे दार ठोठवावे; शेजाऱ्याचे दार ठोठवावे; तो कोणत्या धर्माचा वा जातीचा आहे हे त्या वेळी पाहू नये.

काही वाचक विचारतील की मग आशीर्वादासाठी येऊच नये काय? अवश्य यावे. आम्ही आजही येतो, प्रार्थना करतो, क्रुसाची खूण करतो. परंतु ज्या परमेश्वराने लेकराच्या आतड्यात मीठ-साखरेचे ते दार ठेवले, त्याची इच्छा ते दार वापरावे अशीच असणार. प्रार्थना करणारे हात आणि चमचा धरणारे हात एकाच माणसाचे असावेत.

शेवटी एक विनंती. आपल्या घरांत क्रुसापाशी जी फळी असते, तिच्यावर मेणबत्ती व काड्यापेटी ठेवलेली असते. तेथेच या आठवड्यात ओआरएसच्या दोन पुड्या ठेवाव्यात, आणि घरातील सर्वांस, विशेषतः आजीबाईंस, त्यांचा उपयोग समजावून द्यावा. आमच्या घराच्या दारामागेही एका डब्यात त्या ठेवलेल्या आहेत. रात्री थाप पडली की आता आम्ही पवित्र तेलाच्या कुपीबरोबर तो डबाही उचलतो.